न थांबणारं गाणं

आमच्या किट्वे शहरात माझ्याइतकी गाणी कुणाकडे नाहीत, आणि ती सगळी एका जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात आहेत. त्याच पोटात मी आणखी एक कॉम्प्युटर वसवलाय, हाताला न लागणारा. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. गाणी तोच पुरवतो, गल्लीतल्या कुठल्याही फोनवर वाजतात. फक्त मधेच अडायची.

माझ्या लेकीचं, चोलाचं लग्न समोरच्या घरातल्या लुकोंडेशी ठरलं. आमच्या बायका जेवणाची भांडी डोक्यावर घेऊन नाचत मुलाच्या अंगणात जातात आणि गाणं संपलं की गुडघे टेकून ती खाली ठेवतात. गाणं मधेच तुटलं तर मुलीचं हसं.

"मी बँड सांगते," माझी थोरली बहीण मुसोंडा म्हणाली.

"याया, एक संधी दे," मी म्हणालो. थोरल्या बहिणीला आम्ही याया म्हणतो.

"बारशाला दिली होती. बाळापेक्षा तूच जास्त रडलास."

मग मी तिला खरं दुखणं सांगितलं. पाहुण्याला हात राखून वाढू नये, म्हणून सगळी मेमरी मी आतल्या मशीनला देऊन टाकली होती.

"आणि बाहेरच्याला?"

"काही नाही."

"शहाणाच आहेस. रांधणारीच उपाशी पडली तर पाहुण्याला वाढणार कोण?"

मी बाहेरच्याला पाव हिस्सा परत दिला. वीज गेली तर असावी म्हणून ट्रकची बॅटरी जोडली. मशीन बंद पडलं तर आपोआप उठेल अशी सोय केली. दोन गाण्यांत खंड नको म्हणून एकात दुसरं मिसळून दिलं.

जेवण न्यायच्या दुपारी अर्ध्या शहराची वीज गेली. माझं गाणं हललं नाही. बायका लुकोंडेच्या अंगणात पोचल्या आणि नाचत राहिल्या, कारण गाणं संपेचना. नाचून नाचून अंगणात एवढा खळगा पडला की पुढे लुकोंडेने त्यात मासे पाळले.

"बंद कर आता," याया धापा टाकत म्हणाली. डोक्यावर कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं.

मी मशीन पाडलं. ते उठलं. परत पाडलं, परत उठलं. माझा फोन बंद केला, तर गल्लीतले सगळे फोन वाजत होते.

शेवटी लुकोंडेची आजीच काठी टाकून पुढे आली.

"हे संपायची वाट बघत बसले तर आधी मीच संपेन," म्हणाली, आणि यायापुढे गुडघे टेकून तिने पातेलं स्वतःच्या हातांनी उतरवून घेतलं. मुलाकडची आजी मुलीकडच्यांपुढे गुडघ्यावर! एवढा मान आमच्या गल्लीत कुठल्याच मुलीला मिळाला नव्हता. चोला दारातून बघत होती, तिचं हसू कानापर्यंत गेलं.

याया पाय चोळत खाली बसली.

"बँडवाले दमले तरी असते," ती म्हणाली.