पहिला पत्ता

“आई, ते नाव आता काढा लागते,” रागिणी म्हणाली, तेव्हा मी शेंगा निवडीत होते. मी मान वर केली नाही.

“या घरातल्या यादीतून नाव काढाचा अधिकार कोणाचा?”

“तुमचा.”

“मंग झालं.”

हा अधिकार मला सासूबाईंकडून आला. लग्नकार्याच्या आमंत्रणांची वही आमच्याकडे घरातील वडील स्त्रीकडे असते. गेलेल्या माणसाचे नाव वर्षश्राद्धानंतर तिनेच खोडायचे. दुसऱ्या कोणी लेखणी लावायची नाही. माझ्या यजमानांचे नाव मी याच हाताने खोडले. देवानंदचे खोडले नव्हते. माझ्या मुलाला जाऊन चौदा महिने झाले होते.

परंतु माझी सून बोलत होती ती यादी वहीतली नव्हती. भाजी आणि फुले पिकवणाऱ्यांसाठी देवानंदने एक जाळे उभे केले होते. गावोगावी संगणकाची एकेक लहान पेटी, आणि पेट्या परस्परांना थेट सांगत, की अकोल्यात आज झेंडूची आवक किती, अमरावतीत मागणी किती. मध्ये मालक कोणी नाही. मात्र नुकत्याच सुरू झालेल्या पेटीला इतर पेट्या कुठे आहेत हे ठाऊक नसे. त्यासाठी त्याने डीएनएस सर्व्हर मांडला होता. पेटीने एक ठरलेले नाव विचारायचे, सर्व्हरने जोडलेल्या पेट्यांचे पत्ते सांगायचे. एकदा ओळख झाली की त्याचे काम संपले. पहिला पत्ता देवानंदने कायमचा लिहून ठेवला होता, तो आमच्या घरातील त्याच्या स्वतःच्या यंत्राचा. ते यंत्र पोळ्याच्या सुमारास जळाले. पत्ता मी काढू दिला नाही.

तेवढ्यात हिवरखेडच्या मैनाबाईचा फोन आला. झेंडू लावणारी बाई; बोलणे मोकळे.

“माय, तुमच्या पेटीनं तं तोंडच शिवून घेतलं. चार दिवसांखाली लाइट गेली, तवापासून कोणी भेटतच नाही तिले. मी आपली अंदाजानं अकोल्याले गेली. तिथं सारा मुलूख झेंडू घेऊन उभा.”

“मंग?”

“मंग काय, गायीईले टाकला. गायी बी पाहून राहिल्या, आज बैलाईवानी आपला बी पोया आहे काय म्हणून.”

ती हसली. मला हसू आले नाही.

“देवानंदभाऊ असते तं...” एवढे बोलून तिने फोन ठेवला.

“काहून भेटत नाही तिच्या पेटीले कोणी?” मी रागिणीला विचारले.

“लाइट गेली की पेटी सारे पत्ते विसरते, मंग आधी पहिल्याच पत्त्यावर जाते. तिथं कोणी नाही, तरी वाट पाहते. तेवढ्यात हिवरखेडची लाइन तुटते. मंग पुन्हा पहिल्यापासून.”

“कोणाची वाट पाहते?”

रागिणीने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. “यांची.”

मी हात धुतले आणि देवानंदच्या खुर्चीवर बसले. रागिणीने यादी उघडली. पहिल्या ओळीत त्याने आपल्या यंत्राचे नाव लिहिले होते: घर.

“कोणती कळ?”

तिने दाखवली. मी दाबली. अक्षरे गेली, मग आकडे गेले.

“झालं?”

“आपल्याकडून झालं. पण वाटेतले सर्व्हर एकदा मिळालेलं उत्तर दिवसभर सांभाळून ठेवतात. यांनीच तसं लिहून ठेवलं होतं. उद्या अकरापर्यंत कोणाकोणाले जुनाच पत्ता मिळत राहीन.”

त्या दुपारी मी आडवी झाले नाही. कुठल्याशा गावी एखादी पेटी विचारील आणि तिला अजून माझ्या मुलाचे दार सांगितले जाईल, या विचारात शेंगांची टोपली तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेल्यावर रागिणी दारात आली.

“सर्व्हरले विचारू, आई?”

“विचार.”

सहा पत्ते आले. कार्यापूर्वी वहीतील नावे मी मोठ्याने वाचते, तसे ते रागिणीकडून वाचवून घेतले. शेवटचा हिवरखेडचा होता; मैनाबाईची पेटी पुन्हा जोडली गेली होती.

“मैनाबाईले फोन लाव. तिचा झेंडू माह्यामुळं गेला, हे मलेच सांगाचं आहे.”

रागिणीने फोन लावला. या घरात तिने असे वाक्य माझ्या तोंडून ऐकले नव्हते.

पलीकडे घंटी वाजू लागली. मी आमंत्रणांची वही उघडली, देवानंदच्या नावाचे पान काढले. रेघ वाकडी येऊ नये म्हणून पट्टी मागून घेतली.