भाऊबीजेची नऊची गाडी

गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५. सकाळचे नऊ. शिरूरहून दौंडला निघालेल्या एस.टी.त बसायच्या जागा चव्वेचाळीस आणि माणसे एकाहत्तर. त्यांतली दोन कंडक्टर सुलक्षणाची स्वतःची पोरे होती: अकरा वर्षांची तेजश्री आणि सहा वर्षांचा पृथ्वीराज. तिने पहिली दोन तिकिटे त्यांचीच काढली, आणि मगच घंटीची दोरी दोनदा ओढली.

"आई, खिडकी माझी. मागच्या टायमाला ताई बसली हुती."

"मागच्या टायमाला तू पोटात हुतास," तेजश्री म्हणाली.

"भांडाल तर न्हावऱ्याला उतरवीन दोघांना," सुलक्षणा म्हणाली आणि गर्दीत शिरली. खिडकी अर्थातच पृथ्वीराजला मिळाली.

सुलक्षणाचा नवरा विक्रम दौंडच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होता; रुळांचे सांधे बदलायचा, गाड्यांना झेंडा-दिवा दाखवायचा. सणाला लोक गावी जातात म्हणून जादा गाड्या सुटतात, आणि जादा गाड्या सुटतात म्हणून या दोघांच्या रजा बंद होतात. विक्रम आठवडाभर तिकडेच क्वार्टरवर. इकडे सुलक्षणाने चकल्या पहाटे चारला तळल्या, किल्ल्याची माती ड्युटीवरून येताना पिशवीतून आणली आणि करंज्यांत सारण भरता भरता शाळेचा गृहपाठ तपासला. तिला त्याचे काही वाटत नव्हते. वाटायचे ते एकाच गोष्टीचे. गेल्या वर्षी भाऊबीजेच्या संध्याकाळी तेजश्रीने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेनाने लिहून ठेवले होते: 'आपण चौघे एकत्र: ०'.

म्हणून यंदा सुलक्षणाने हिशोब मांडला होता. गाडी दौंडला पोचायची अकरा दहाला. विक्रमची जेवणाची सुट्टी त्याच सुमाराला. यार्डात वेळेवर परतायचे तर त्याने बसस्थानक अकरा चाळीसला सोडायचे. मधली तीस मिनिटे चौघांची. पोरांनी तिच्याच गाडीने यायचे आणि परतीलाही तिच्याच गाडीने जायचे.

हिशोबात चूक नव्हती. फक्त भाऊबीज धरायची राहिली होती. प्रत्येक थांब्यावर माहेरवाशिणी, त्यांच्या पिशव्या, फराळाचे डबे, आणि चढताना ज्यांची चप्पल खालीच राहते अशी पोरे. न्हावऱ्याला गाडीला बारा मिनिटे उशीर झाला होता. चौफुल्याला सुलक्षणाने घड्याळ पाहिले: उशीर बरोबर तीस मिनिटे. म्हणजे यंदाही शून्य.

"दामटू का जरा?" ड्रायव्हर हौशीराममामांनी आरशातून विचारले.

"नगं, मामा. वेळ रस्त्यावर न्हाई जात, दारात जातोय," ती म्हणाली. पण दाराला तिच्याकडे उपाय नव्हता.

तेवढ्यात पोरांच्या बाकाशी दांडा धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या सिंधूबाईंनी तेजश्रीच्या मांडीवरच्या झाकल्या ताटाला बोट लावले. "काय गं पोरी, एवढं जपून काय न्हेतीस?"

"ओवाळायचं ताट. दौंडला ओवाळणार."

"भाऊ दौंडला आसतो व्हय?"

"न्हाई, ह्यो काय बसलाय."

"आगं मग घरीच ओवाळायचं की! वरात कशापायी?"

"पप्पा दौंडला, आई गाडीत. चौघं एका जागी पायजेल ना, आजी. पण आता न्हाई जमायचं. पप्पांची सुट्टी संपती."

सिंधूबाईंनी एकदा पोरीकडे पाहिले, एकदा कंडक्टरबाईंच्या पाठमोऱ्या खांद्याकडे. मग आयुष्यभर शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारलेला आवाज त्यांनी गाडीत लावला. "आयांनो, ऐका! ह्या बाईची भाऊबीज आपल्या बोचक्यांनी आडलीय. पाटसला कोण कोण? आत्ताच दाराशी या. डबं हातोहात फुडं द्या. भावाच्या गळ्यात खाली उतरून पडा, पायरीवर न्हाई!"

गाडी हसली आणि कामाला लागली. पिशव्या डोक्यांवरून दाराकडे सरकल्या. वाटेतल्या दोन वस्त्यांच्या बायका आपसांत बोलून एकाच थांब्यावर उतरायला तयार झाल्या. "माझा भाऊ मोटारसायकल घिऊन येतोय, त्याला मागं यायला काय झालं?" एकीने फोन लावला. पाटसला अकरा माणसे उतरली, नऊ चढली, आणि हौशीराममामांना गिअर न्यूट्रलला आणण्याआधीच डबल बेल मिळाली.

दौंडला गाडी लागली तेव्हा अकरा बत्तीस झाले होते. विक्रम फलाटाच्या कडेला उभा होता. काखेत घडी केलेले झेंडे, हातात सिग्नलचा दिवा.

"धावपळ करू नका, आठ मिनिटं हायेत," तो म्हणाला. रेल्वेच्या माणसाला आठ मिनिटे म्हणजे पुष्कळ.

फलाटावरच्या बाकावर रुमाल अंथरला, पृथ्वीराजला बसवले, टोपी घातली, नाम ओढला. तेजश्रीने निरांजन हातात घेतले आणि विचारले, "आई, काडीपेटी?"

सुलक्षणाचा हात कपाळाला गेला. सकाळी पिशवी तपासताना काडेपेटी दिसली होती. बारा वर्षे ती प्रवाशांना सांगत आली होती, गाडीत असले काही न्यायचे नाही. सवयीनेच तिने ती काढून घराच्या खिडकीत ठेवली होती. स्थानकातली टपरी सणाची बंद. हौशीराममामा तंबाखू मळणारे, विडीकाडीवाले नव्हेत.

"घ्या! दुसऱ्यांच्या काड्या जप्त करता करता घरचीच केली," विक्रम हसत म्हणाला. त्याने हातातला दिवा ताटात निरांजनाशेजारी ठेवला आणि त्याचा खटका फिरवला.

"पप्पा, लाल नको!" पृथ्वीराज ओरडला. "लाल लावला तर ताई थांबंल!"

दिवा हिरवा झाला. तेजश्रीने ताट दोन्ही हातांनी उचलून भावाला ओवाळले. घरी जायची घाई सोडून सिंधूबाई आणि दहाबारा बायका भोवती उभ्या राहिल्या, आणि कोणीतरी अक्षता टाकल्या.

"आता ताटात काय घालतोस?" विक्रमने विचारले.

पृथ्वीराजने दोन्ही खिसे उलटे करून पाहिले. मग तो गंभीरपणे म्हणाला, "जाताना खिडकी तुझी."

सुलक्षणाने विक्रमच्या हातात करंज्यांचा डबा दिला. त्याने तिथेच एक करंजी मोडली; अर्धी तिला दिली. अकरा चाळीसला तो दिवा उचलून यार्डाकडे वळला, आणि वळणावर उभा राहून त्याने हिरवा झेंडा एकदा हलवला.

परतीच्या गाडीत खिडकीशी तेजश्री बसली. तिच्या मांडीवर डोके ठेवून पृथ्वीराज झोपून गेला. सुलक्षणाने दोघांची दोन तिकिटे काढली आणि दोरी दोनदा ओढली.

संध्याकाळी घरी खिडकीतली काडेपेटी घेऊन तिने पणत्या लावल्या. तेजश्रीने खुर्चीवर चढून कॅलेंडरच्या चौकोनात लिहिले:

आपण चौघे एकत्र: ८ मिनिटे.