ताटातले वाल

अरुंधतीने तिसरा गिअर टाकला आणि आरशात पाहिले. मागे तळोज्याहून आलेला रसायनाचा टँकर होता. उजवीकडे, जिथे तिला मिसळायचे होते तिथे, द्रुतगती महामार्गावरचे ट्रक एकामागून एक धडधडत चालले होते.

सोमवारी तिला खोपोलीच्या कंपनीत रुजू व्हायचे होते. पण गेल्या रविवारी इथेच, पनवेलची मार्गिका महामार्गाला मिळते तिथे, तिने घाबरून गाडी उभी केली होती. मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला. तिच्या नवऱ्याने, सत्यजीतने, घरी येऊन किल्ली कपाटात ठेवली आणि नोकरीचा विचार सोड म्हणून सांगितले. आज तो कामावर गेल्यावर सासऱ्यांनीच, कमलाकररावांनी, ती किल्ली बाहेर काढली.

त्यांची हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली होती. काल त्यांनी नातीला, मितालीला, ताटात वालांची रांग हळूहळू सरकवायला लावली. बाजूने एक वाल तेवढ्याच वेगाने आणला, तो रांगेत अलगद शिरला. मग दुसरा आणून रांगेत शिरता शिरताच थांबवला. मागचे वाल त्याच्यावर चढले. मिताली हसली. दारातून बघणारी अरुंधती हसली नाही.

मार्गिका निमुळती होत गेली. तिचा पाय ब्रेककडे वळला. टँकरने लांबलचक हॉर्न दिला.

"आई, थांबू नको ना," मागून मिताली पुटपुटली.

"वेग वाढव," शेजारी बसलेले कमलाकरराव पाढे सांगावेत तशा आवाजात म्हणाले. "तो निळा ट्रक जाऊ दे. त्याच्या मागे जागा आहे."

तिने पाय ॲक्सिलरेटरवर दाबला. गाडी थरथरली. निळा ट्रक पुढे गेला, त्याच्यामागचा टेम्पो किंचित मंदावला, आणि ती रांगेत होती.

खोपोलीला तिने कोणी न सांगताच डावीकडचा दिवा लावला, महामार्ग सोडल्यावरच वेग उतरवला आणि पुढे एका टपरीपाशी गाडी थांबवली.

"आजोबा, तुमच्या पायाखालची चटई अशी का झालीय?" मितालीने मागून डोकावून विचारले.

कमलाकररावांचे दोन्ही पाय अजून पुढे रोवलेले होते. रबरी चटई पार दुमडून गेली होती. ती सरळ करायला ते अर्धे वाकले. ते तसेच मागे टेकले.

"ब्रेक शोधत होतो," ते म्हणाले. "बरं झालं, माझ्या बाजूला नाही."

अरुंधतीने वाकून चटई नीट केली.

"परत जाताना इथूनही महामार्गावर चढायचंय," ती म्हणाली. "हवं तर तुम्ही मितालीजवळ मागे बसा."