लोखंडी कपाटातली माझी कोठडी

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे, आणि माझ्या बाबतीत जे घडलं त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

कारखान्यातल्या परीक्षेत मी दोन भिंतींपलीकडे नेट पोचवून पास झालो होतो. या घरात आलो आणि टेबलावर विराजमान झालो. घरात बाबा, आई आणि ताई. तिघांनीही माझं कौतुक केलं. बाबा तर मला रोज मऊ फडक्याने पुसायचे. एवढं प्रेम पाहून मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

एके दिवशी कुणीतरी बाबांच्या कानात भरवलं, की शेजारपाजारचे लोक दुसऱ्याचं नेट वापरतात. बाबांनी पासवर्ड बदलला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांचा विश्वास कुलपावर! त्यांनी लोखंडी कपाटाच्या पाठीला भोक पाडलं, वायरी आत घेतल्या, मला मधल्या खणात ठेवलं आणि किल्ली फिरवली. मी थक्क झालो. चोर मोकळे, आणि कोठडी मला!

त्या दिवसापासून घरातलं नेट रखडू लागलं. लोखंडापुढे माझं काही चालेना. "म्हातारा झालाय मेला," आई म्हणायची. मी आतून सगळं ऐकायचो.

मग ताईची नोकरीची मुलाखत ठरली. सकाळी अकराला, लॅपटॉपवर. या संधीसाठी ती तीन वर्षं झटत होती. पावणेअकराला पडद्यावर नुसतं चक्र फिरू लागलं. ताईने लॅपटॉप बंद करून चालू केला. आईने टीव्ही बंद केला. बाबांनी खबरदारी म्हणून पंखाही बंद केला. शेवटी ताईने नेटवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"राऊटर कुठे ठेवलाय?"

"कपाटात."

"लाकडी ना?"

"लोखंडी. आणि कुलूपही आहे," बाबा अभिमानाने म्हणाले.

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"काका, लोखंडातून वायफाय नीट बाहेर येत नाही हो! आधी त्याला सोडवा."

"बाबा, किल्ली!"

"अशी ठेवलीय, की कुणाला सापडायची नाही."

"तुम्हाला तरी सापडेल ना?" आईने विचारलं.

बाबा स्वतःचे खिसे चाचपू लागले.

अकराला चार मिनिटं असताना आईला किल्ली साखरेच्या डब्यात सापडली. दार उघडलं, आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावला. चक्र थांबलं. "नमस्कार," ताई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण तुटला नाही. तेवढं मी सांभाळलं.

नोकरी मिळाली. परगावी.

ती बॅग भरत होती तेव्हा बाबा कपाटापाशी उभे होते. हातात किल्ली, नजर ताईवर. मला कोंडताना त्यांच्या डोळ्यांत जी गमावण्याची भीती होती, नेमकी तीच! माझे दिवे क्षणभर लुकलुकायचे थांबले. मग बाबांनी किल्ली आईच्या हातात दिली.

"ठेव कुठेतरी. मला सांगू नकोस."

मित्रांनो, आवडत्या वस्तूला जरूर पुसा, पण कोंडू नका. मी आता टेबलावर मोकळा असतो. रोज संध्याकाळी ताई पडद्यावर येते. बाबा माझ्याजवळ खुर्ची ओढून बसतात, आणि चित्र जरा अडकलं, की सगळ्यात आधी चोरून कपाटाकडे बघतात.