बॉनेटखालचं गोंदण

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांना पुरेल एवढी. जाणती माणसं मला स्पोर्ट्स कार म्हणतात. साकोलीची मुलं मला बेडकी म्हणतात, अन् मला तेच नाव जास्त आवडतं. बेडकीसारखीच मी कित्येक वर्षं डोळे मिटून पडले होते. त्या झोपेत मला एकच स्वप्न पडायचं, की माझ्या अंगावर कुणीतरी हळूच काहीतरी लिहितंय.

ते स्वप्न उगीच पडत नव्हतं. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मी घडले. बाहेर बर्फ भुरभुरायचा, आत दिव्यांच्या रांगा असायच्या. मी नुसता पत्रा होते तेव्हापासून माणसं माझ्यावर खुणा करत होती. एकानं बॉनेटच्या आत पिवळ्या खडूनं आकडा ओढला. एकीनं दारामागे निळी रेघ मारली. बोल्ट घट्ट आवळला की त्याच्या डोक्यावर हिरवा ठिपका पडायचा. माझं झालं, आता तू बघ, एवढंच एक हात दुसऱ्या हाताला सांगत होता. या खुणा टिकाव्यात असं त्यांतल्या कुणाच्याही मनात नव्हतं. पण मला मात्र त्या लेकराच्या गालावरच्या काजळासारख्या वाटायच्या.

मग जहाज, मग रेल्वे, अन् एके दिवशी मी चिखल्याच्या मँगनीज खाणीवर येऊन पोचले. खाणीच्या साहेबांनी मला हौसेनं आणवलं होतं. तिथली माती काळी, रस्ता काळा, अन् संध्याकाळी माझा लाल रंगही काळाच. मला रोज पुसायचा तो टिकाराम, साहेबांचा ड्रायव्हर. तो सानगडीचा होता. त्याची बायको राधाबाई सानगडीलाच धानाची शेती सांभाळायची. ती कधीमधी खाणीवर यायची, मला हात लावून बघायची, पण बसली कधीच नाही. दोनच जागा होत्या. एक टिकारामची, एक साहेबांची.

दसऱ्याला सगळ्या गाड्यांना कुंकू लागायचं, झेंडूच्या माळा चढायच्या. साहेबांना मात्र माझ्या रंगाला बोट लागलेलं खपत नसे. मग टिकारामनं काय करावं? खाणीच्या डब्यांवर आकडे लिहायचा पिवळा रंग त्यानं वाटीत घेतला, माझं बॉनेट उघडलं आणि आतल्या बाजूला, कारखान्यातल्या आकड्याशेजारी, बोटानं पाच टिपके काढले. चार कडेला, एक मधे. राधाबाईच्या मनगटावर गोंदलेले होते अगदी तसेच. मधला टिपका थोडा खाली कललेला, कारण गोंदताना सुई टोचली तशी तिनं हात ओढून घेतला होता.

"आता तू घरी अन् मी गाडीवर असलो तरी आपण संगच आहो," सणाला खाणीवर आलेल्या राधाबाईला ते दाखवत तो म्हणाला. ती लाजून हसली, अन् जाता जाता दोन ओळी गुणगुणली. त्या मी अजून विसरले नाही:

हातावरी पाच टिपके, एक टिपका कलला
धनी गेला गाडीवर, जीव संगं चालला.

दिवस काय थांबतात, मित्रांनो? साहेबांची बदली झाली. साकोलीच्या एका कापड व्यापाऱ्यानं मला घेतलं. थोडी वर्षं मी मिरवले, लोक वळून वळून बघायचे. मग माझा एक भाग मोडला, तसला दुसरा मिळेना, अन् मला भातगिरणीमागच्या शेडमध्ये ढकलून दिलं. कोंबड्यांनी गादीवर अंडी घातली. उंदरांनी वायरी खाल्ल्या. गिरणीचा कोंडा माझ्या अंगावर भुरभुरत राही आणि मला वाटे, कारखान्याबाहेरचा तोच बर्फ पडतोय. मी झोपून गेले.

जागी झाले ती त्या व्यापाऱ्याच्या नातीच्या आवाजानं. रुचिता तिचं नाव. आजोबांची गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच पुन्हा उभी करायची, असं तिनं मनावर घेतलं होतं. काम दिलं चंदनला. हायवेलगत त्याचं गॅरेज. आजवर ट्रॅक्टर आणि फटफट्या सोडून त्यानं कशाला हात लावला नव्हता. नागपूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथं माझा नंबर लागला तर असली कामं आपल्याकडे येतील, ट्रॅक्टरच्या चिखलातून हात निघतील, ही एकच आस तो धरून होता.

गंज इतका खोल गेला होता की बॉनेट आतून घासून पांढरं करावं लागणार होतं. तिथले परीक्षक कारखान्याच्या खुणासुद्धा तपासतात, हे चंदननं मोबाइलवर वाचलं होतं. म्हणून घासण्याआधी त्यानं एकेका खुणेवर पातळ कागद ठेवून ती जशीच्या तशी उतरवून घेतली. टिकारामचे टिपकेही. त्याला वाटलं, तेही कारखान्याचेच.

मग तो सरावाला एका भंगार पत्र्यावर आकडा गिरवायला बसला. आकडा यायचा अगदी पाटीवर काढल्यासारखा गोल गोल. रुचिता हसून म्हणाली, "चंदनभाऊ, हा तर पेपरात लिहिल्यासारखा झाला. कारखान्यात मागून दुसरी गाडी येऊन राहिली असं समजा, अन् ओढा." तेव्हा कुठे त्या परदेशी हाताची घाई त्याच्या हातात उतरली. पिवळा आकडा परतला, निळी रेघ परतली, हिरवे ठिपके परतले. मला पुन्हा ओळखीच्या हातांची ऊब लागली.

पाच टिपके मात्र परतले नाहीत. रुचितानं सगळ्या खुणांचे फोटो मुंबईच्या एका जाणकाराला पाठवले होते. त्यांनी कळवलं, बाकी सगळं बरोबर आहे, हे टिपके कुठल्याच कारखान्याचे नाहीत. ते पुन्हा रंगवू नका, गुण जातील. चंदननं तो कागद घडी करून फळीवर ठेवून दिला. मी आतल्या आत ओरडले, पण माझ्या तर हॉर्नलाही अजून वायर जोडली नव्हती.

चंदनचं गावही सानगडीच. चिखल्याची लाल गाडी उभी राहिली, ही बातमी त्याच्या घरून राधाबाईपर्यंत पोचली. टिकाराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती एकटी बसनं आली, डावा हात पदराखाली धरून. कोण, कुठली, ते सांगितलं आणि म्हणाली, "बॉनेट उघडून दाखव ना, पोरा."

त्यानं उघडलं. ती वाकली, बराच वेळ शोधत राहिली.

"इथं पाच टिपके होते. कुठी गेले?"

"ते कारखान्याचे नव्हते ना जी, आजी. म्हणून परत नाई रंगवले."

"कारखान्याचे कायले असतील? माह्या हाताचे होते." तिनं पदर सारला. मनगटावर नुसती गुळगुळीत, आवळलेली कातडी होती. धान उकळताना कढईतलं पाणी सांडलं आणि गोंदण त्यात गेलं. "हातावरचे गेले तवा मी रडली नाई," ती शांतपणे म्हणाली. "म्हटलं, गाडीवर आहेत."

चंदन फळीकडे गेला आणि घडीचा कागद काढून आणला. तेवढ्यात रुचिता आली.

"ताई, एक खूण रायली ना," तो म्हणाला.

रुचितानं कागद पाहिला, म्हातारीचा हात पाहिला. "गुण कटतील, चंदनभाऊ. तुमचंच नुकसान."

"कटू द्या."

त्यानं कागद पत्र्यावर धरला आणि टिपक्यांच्या जागी सुईनं बारीक भोकं पाडली, म्हणजे खाली पत्र्यावर जागा उमटेल. सुई टोचली तशी राधाबाई हसली. इतकी वर्षं मागं जाऊन हसली. वाटीत पिवळा रंग होता. तिनं बोट बुडवलं आणि टिपके एकेक करून टेकवले, ओठातल्या ओठात त्याच दोन ओळी म्हणत. मधला टिपका खाली कलला, तसाच.

नागपूरला परीक्षकांनी माझ्यात टॉर्च घालून सगळ्या खुणा पाहिल्या, माना डोलावल्या. टिपक्यांपाशी थांबून विचारलं, ही खूण कुठल्या कारखान्याची?

"सानगडीची," चंदन म्हणाला.

त्यांनी काहीतरी लिहिलं, अन् पहिला नंबर दुसऱ्याच गाडीचा आला. त्याचं वाईट मला वाटलं, खोटं कशाला बोलू? चंदनच्या गॅरेजसमोर आजही ट्रॅक्टरच उभे असतात. पण त्या दिवशी परतताना साकोलीला न थांबता त्यानं मला सरळ सानगडीला नेलं, राधाबाईच्या दारात उभं केलं, अन् साहेबांच्या बाजूचं दार उघडून धरलं. तलावाच्या पाळीवरून आम्ही सावकाश फिरलो. ती खिडकीबाहेर पाहत नव्हती. डोळे मिटून बसली होती, अन् बॉनेट थरथरेल तसा तिचा डावा हात मांडीवर थरथरत होता.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काही जुनं असेल. ते जरूर घासा, लखलखीत करा. फक्त घासण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारून विचारा, इथं हा डाग कोणाचा आहे? माझा तो कललेला टिपका आता वाळलाय. ऊन तापलं की तेवढाच जरा जास्त गरम लागतो.