मागच्या अंगणातला चीन

रविवारी चर्चहून आल्या आल्या मी आधी मागच्या अंगणात धावले. खड्डा होताच. काल माझ्या लेकीच्या, ट्रुडीच्या गुडघ्यापर्यंत होता, आता मांडीपर्यंत आला होता, आणि चर्चचा पिवळा फ्रॉक घालून ती त्यात उभी होती. हातात माझा वाढायचा चमचा.

"ट्रुडी, बाहेर ये बघू. काका यायच्या आत हे बुजवायचंय."

"पण मी अजून पोचलेच नाहीये!"

सरळ खाली खणत गेलं की चीन लागतो, हे आमच्या नेब्रास्कात प्रत्येक पोराला ठाऊक असतं. मीही खणलं होतं. तिकडची माणसं खालून दिसणार, म्हणजे आधी त्यांचे तळवे दिसतील, असं मला वाटायचं.

काळजी होती ती व्हर्जिलची. माझे थोरले दीर. कोरियातल्या लढाईत ते चिनी सैन्यासमोर होते आणि डाव्या पायाची बोटं तिथल्या थंडीत गमावून आले. चीनचं नाव त्यांच्यासमोर आम्ही कुणी काढत नाही. गुरुवारी आमच्याकडेच टीव्ही बघत बसले होते. आपले राष्ट्राध्यक्ष चीनला जाणार असं सांगितलं, तसे उठले आणि टोपीसुद्धा न घेता निघून गेले. ती अजून खुंटीवर होती. वेननं, माझ्या नवऱ्यानं, दुसऱ्या दिवशी न्याहारीला ती बातमी परत उगाळली, ट्रुडीनं ऐकली आणि खणायला लागली.

व्हर्जिलना मूलबाळ नाही. बोलतात ते फक्त ट्रुडीशी. ते तिच्यावर एकदा जरी खेकसले असते, तरी ती पुन्हा त्यांच्याजवळ गेली नसती. ती तशीच आहे, माझ्यासारखी. मग त्यांना कोण उरलं असतं?

मी खड्डा बुजवायला फावडं काढून दारामागे ठेवलं आणि धाकट्या बाळाला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेले. "वेन, तू तरी सांग ना तिला."

"खणू दे गं. कम्युनिस्ट दिसले की येईल पळत."

"कम्युनिस्ट काय रे!" सासूबाई घेवड्याच्या शेंगा निवडता निवडता म्हणाल्या. "गरीब बिचारी माणसं ती. आम्ही लहानपणी चर्चमध्ये त्यांच्यासाठी वर्गणीचा डबा फिरवायचो. काय गोड मुलांची चित्रं असायची त्या डब्यावर."

"आई, खरा चिनी माणूस बघितलायस का कधी?"

"बघितलाय की! लिंकन शहरातला तो लॉन्ड्रीवाला. एक शब्द बोलला नाही."

"तू बोललीस?"

"मी कशाला बोलू? शर्ट घेतले नि आले."

वेन खदखदून हसला. मला हसता येईना. तिथल्याच कॉलेजात मी चीनची राजघराणी ओळीनं पाठ केली होती. पण त्याच लॉन्ड्रीत चार वर्षं कपडे देऊन त्या माणसाचं नाव मीही विचारलं नव्हतं. का बरं विचारलं नसेल?

तेवढ्यात ट्रक वाजला. व्हर्जिल घरात न येता थेट मागे गेले. मी जाळीच्या दाराशी पोचेपर्यंत ते खड्ड्यापाशी उभे होते.

"काय गं घुशी, कुठं निघालीस?"

"चीनला."

मी दार ढकलून बाहेर आले.

"तिथं काय काम काढलंस?"

ट्रुडीनं खिशातून कागदी रुमाल काढून उलगडला. आत शिजवलेल्या शेंगा, सुकून काळ्या पडलेल्या. "आजी म्हणते, चीनमधली मुलं उपाशी असतात, म्हणून मी ताटातलं संपवायचं. मला नाही आवडत. मग त्यांनाच देते ना!"

व्हर्जिल शेंगांकडे बघत राहिले. मी पुढे झाले. "लहान आहे हो ती. मी आत्ता बुजवते..."

"थांब, लोईस."

ते खड्ड्याच्या काठावर बसले. दुखरा पाय आत सोडला.

"शेंगांनी काय होणार? बूट ने."

"बूट?"

"कापडी बूट होते त्यांच्या शिपायांच्या पायात. त्या बर्फात! आम्ही एकाला पकडला, पोरगेलासा. बूट पायाला चिकटलेले, निघेचनात. मी त्याच्या पायांकडे बघतोय आणि तो माझ्या." ट्रुडीला उचलून आत न्यावं की काय, मला कळेना. "टीव्हीवर सगळे चीनबद्दल बोलतात. मला वाटतं, तो सुटून घरी गेला असेल, तर आमच्याबद्दल काय सांगत असेल?"

"त्याची बोटं राहिली?" ट्रुडीनं विचारलं.

"काय माहीत."

"मी विचारून येईन." ती पुन्हा चमचा चालवायला लागली.

व्हर्जिलनी खाली वाकून बघितलं. "या चमच्यानं तुझं लग्न होईतो पोचायची नाहीस. लोईस, फावडं आहे का?"

ते दारामागेच होतं. मी नेऊन दिलं.

"कमरेपेक्षा खोल नको हं," मी म्हटलं. "कडा ढासळतात."