दीपमाला ओपनमधी गेली

मोतीरामची पोरगी ओपनमधी गेली, ही बातमी गावात अशी पसरली की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी कुणाचा हात धरून पळाली. आणि पसरवली कोणी? खुद्द मोतीरामनं. जिभेला हाड म्हणून नाही त्या माणसाच्या. बाजारात भाजी विकायला बसला की वांग्याचा भाव सांगता सांगता घरातलंही सगळं सांगून मोकळा व्हायचा.

झालं होतं असं, की दीपमालाला बी. फार्मसीच्या पहिल्याच फेरीत अमरावतीचं सरकारी कॉलेज लागलं. तेही पहिल्या पसंतीचं. तिच्या आईनं, मंजुळाबाईनं, देवापुढं दिवा लावला, मोतीरामनं पोरीच्या तोंडात घालायला गुळाचा खडा हातात घेतला. तेवढ्यात मोबाइलवर, लागलेल्या जागेच्या पुढं, त्याला 'ओपन' असं लिहिलेलं दिसलं. खडा हातातच राहिला.

"ओपन? आपन माळी ना वं? आपली जागा ओबीसीची. हे ओपन कुठून आलं?"

"बाबा, माहे मार्क जास्त हायेत म्हनून..."

"मार्क जास्त असले म्हनून जात बदलते काय?"

आता काय बोलावं अशा माणसाशी! पण त्याचंही खोटं नव्हतं. जातीच्या पडताळणीसाठी पोरीच्या आज्याचं शाळेतलं जुनं नाव हुडकायला त्यानं बुलढाण्याच्या किती चकरा मारल्या, ते त्याच्या चपलांना ठाऊक. हाती आलेले कागद त्यानं देवघरात गजानन महाराजांच्या फोटोमागं ठेवले होते. ओबीसीची जागा म्हणजे त्याच्या लेखी सातबारावर चढलेलं नाव. आणि ओपन म्हणजे दुसऱ्याचं वावर. उद्या कोणी मालक येईल आणि 'माह्या जाग्यावर हे कोन बसली' म्हणून भर वर्गातून पोरीला हाताला धरून उठवील. या विचारानं जेवण गेलं नाही. कागद नामंजूर झाले असतील, फॉर्ममध्ये काही चुकलं असेल, कोणी मुद्दाम केलं असेल, एकेक शंका काढत तो अंगणात येरझारा घालू लागला.

आणि त्यात दुसरी बातमी आली. शेजारच्या निवृत्तीची पुष्पांजलीही त्याच कॉलेजात लागली होती. निवृत्ती कुणबी, म्हणजे तेही ओबीसीच. दोघी पोरी एकाच एसटीनं खामगावला शिकायला गेल्या, एकाच पुस्तकात डोकं घालून बसल्या. पुष्पांजलीचे मार्क दीपमालापेक्षा बरेच कमी. आणि तिच्या नावापुढं काय लिहिलेलं? ओबीसी!

झालं. मोतीरामनं डोक्यात राख घालून घेतली. तसाच उठला आणि ग्रामपंचायतीपुढच्या चहाच्या टपरीवर गेला. निवृत्ती तिथं चहा पीत बसला होता. भल्या सकाळची गर्दी, सारं गाव तिथं.

"निवृत्ती, तुह्या पोरीनं माह्या पोरीची सीट खाल्ली बे! माह्यीले ओपनमधी ढकललं आन तुही आमच्या जाग्यावर जाऊन बसली!"

निवृत्ती मुळातच कमी बोलणारा. त्यानं अर्धा कप तसाच खाली ठेवला आणि घरी निघून गेला. चार लोक हसले. मोतीरामला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खामगावच्या प्रवेश केंद्रातून सीट स्वीकारायची होती. दीपमालानं बापाला परत परत सांगितलं, "पहिल्या पसंतीची सीट लागली बाबा. आज घेतली नाई तर पुढच्या फेरीत माहं नावच येनार नाई. घरी बसीन मी."

"घेऊ ना. पन आपली घेऊ. खामगावच्या केंद्रात जातो, सायबाले सांगतो, ओबीसी करून द्या म्हनून. तोपर्यंत ओटीपी देत नाई."

कारण ओटीपी यायचा मोतीरामच्या मोबाइलवर. फॉर्म भरताना मोठ्या हौसेनं त्यानंच आपला नंबर दिला होता. आता तो मोबाइल त्यानं बंडीच्या आतल्या खिशात घातला, वरून हात ठेवला. दीपमालाचा चेहरा एवढासा झाला. तिथं साहेबाशी भांडून बाप तसाच माघारी फिरला तर? मंजुळाबाई दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "अवो, पोरीचं आयका जराक." पण ऐकेल तो मोतीराम कसला.

एसटी आली तेव्हा गाडीत जागाच जागा होती. दीपमाला आधी चढली आणि पुढच्या रिकाम्या सीटवर खिडकीला बसली. मोतीराम तिच्याजवळ टेकला आणि लगेच कुरकुरला, "पाय, तिकडं 'महिलांसाठी राखीव' लिहून हाये. हक्काची जागा सोडून इथं काऊन बसली? तू बी अशी आन तुही सीट बी अशी!"

"हे रिकामी होती बाबा. आधी आली, बसली."

पुढच्या गावाला आठवडी बाजाराची गर्दी आत घुसली. बघता बघता गाडी भरली. एक माणूस बायांच्या सीटवर टेकत होता, तेवढ्यात एक म्हातारी बोचकं घेऊन वर चढली. कंडक्टर ओरडला, "उठा भाऊ, बायांची सीट हाये!" माणूस उठला, म्हातारी बसली, पदरानं घाम पुसत "बरं झालं माय" म्हणाली.

दीपमाला तिच्याकडं बघत राहिली. मग एकदम बापाकडं वळली.

"बाबा, मी त्या सीटवर बसली असती तर ह्या आजी कुठं बसल्या असत्या?"

"कुठं बसते? उभ्या राह्यल्या असत्या खामगाव येईपर्यंत."

"आन मी इथं बसली, म्हनून मी बाई नाई राह्यली काय?"

मोतीराम खिडकीबाहेर बघू लागला, तशी दीपमालानं आपल्या सीटवर हात थोपटला.

"ह्या सीटवर कोनाचं नाव लिहिलं हाये, बाबा?"

"कोनाचंच नाई. जो आधी येईल त्याची."

"तेच ओपन. कोन्या जातीचं नाई, साऱ्यायचं. ज्याचे मार्क जास्त, तो आधी चढला. आपली जात कोनी काढली नाई, आपले कागद आपल्याचपाशी हायेत. मी इथं बसली म्हनून आपली ते राखीव जागा मोकळी राह्यली. त्या जाग्यावर पुष्पी बसली. तिनं माही नाई खाल्ली, बाबा."

मोतीरामनं म्हातारीकडं पाहिलं. मग पोरीकडं. म्हणजे आपली पोरगी हुकली नव्हती, पुढं गेली होती! क्षणभर त्याची छाती फुगली. आणि दुसऱ्याच क्षणी टपरीवरचा तो अर्धा कप आठवला.

"पुष्पीले फोन लाव," तो पुटपुटला.

दीपमालानं आपल्या मोबाइलवरून फोन लावला. पुष्पांजली रडतच म्हणाली, "दीपे, माहे बाबा सीट घेऊ देऊन नाई राह्यले. म्हन्तात, दुसऱ्याच्या ताटातलं आपन खात नाई. फोन बी घेऊन ठेवीन म्हन्तात."

फोन कानाला नसला तरी मोतीरामला सगळं ऐकू आलं. तो ताडकन उठला. कंडक्टरची वाट न बघता त्यानं स्वतःच दोरी ओढून घंटी वाजवली. खिशातून मोबाइल काढून पोरीच्या हातात कोंबला.

"तू जा. ओटीपी आला की टाक, माही वाट पाहू नोको. आन केंद्रातच थांब. मी पुष्पीले घेऊन येतो."

"अन् निवृत्तीकाका नाई म्हन्ले तं?"

मोतीराम मधल्याच फाट्यावर उतरला. उलट दिशेनं गाडी नाही, काही नाही. ऊन डोक्यावर चढत चाललं होतं आणि त्याला एकच दिसत होतं, की आपली पोर अमरावतीला जाईल आणि निवृत्तीची घरी बसेल, आणि ती आपल्या जिभेपायी बसेल. कांदे नेणारा एक ऑटो मिळाला, त्यात तो पोत्यांवर बसून गावात आला.

निवृत्ती ओट्यावर बसला होता. त्याची बायको विमलबाई आतल्या दारात उभी, आणि तिच्या मागं सुजलेल्या डोळ्यांची पुष्पांजली. मोतीरामनं धापा टाकत एसटीचं सगळं सांगितलं, सीट, म्हातारी, ओपन. मधे दोनदा अडखळला, पण सांगितलं.

निवृत्ती शांतपणे म्हणाला, "काल कुठं बोलला होता?"

"टपरीवर."

"मंग इथं माह्या ओट्यावर काहाले सांगतं?"

मोतीराम फिरला आणि टपरीवर गेला. निवृत्ती मागून आला, कारण बघायचं होतं. टपरीवर कालचेच लोक होते. मोतीरामचा तो खणखणीत आवाज, पण आज तो निघता निघेना.

"आयका हो! काल मी बोललो ते चुकलं. निवृत्तीच्या पोरीनं कोनाचं काई खाल्लं नाई. ते तिच्या हक्काच्या जाग्यावर बसली. माह्यी तिच्या मार्कावर ओपनच्या जाग्यावर बसली. अक्कल नव्हती ते माह्यी." आणि निवृत्तीकडं वळून त्यानं हातच जोडले. "चाल बावा आता. टाइम चालला. पोरीचं वर्ष माह्या तोंडापायी नोको घालू."

निवृत्ती घराकडं वळला. दारात येताच त्यानं हाक मारली, "पुष्पे! कागदं घे वं."

दुपारची एसटी खच्चून भरलेली होती. निवृत्तीच्या फोनवर दीपमालाचा निरोप आला होता, की तिची सीट झाली, ती केंद्राच्या दारात उभी आहे, लवकर या. गाडी प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि प्रत्येक थांब्यावर मोतीरामचा जीव वरखाली होत होता. बायांच्या सीटवर एक जाडजूड पाहुणा झोपेचं सोंग घेऊन बसला होता. मोतीरामनं त्याच्या खांद्याला हात लावला.

"उठा भाऊ. बायांची जागा हाये."

पाहुणा बडबडत उठला. पुष्पांजली मात्र बसेना. तिनं मोतीरामच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुमी थकले. तुमीच बसा."

"नाई माय," मोतीराम म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा झाला. "ते तुहीच हाये. कोनाची हिसकलेली नाई. बस!"

"हळू बोल बे," निवृत्ती त्याच्या कानाशी म्हणाला. "सारी गाडी आयकून राह्यली."

"आयकू दे," मोतीराम म्हणाला.